फेटाळलेल्या अर्जांचं कार्यालय

चिलीची राजधानी सान्तियागो. शहराच्या मधोमध मोठा चौक, चौकाला लागून कॅथेड्रल आणि कॅथेड्रलच्या शेजारीच चर्चची एक इमारत. १ जानेवारी १९७६ पासून तिथे एक कार्यालय सुरू झालं. नवरा कामावरून परतला नाही, मुलाला रात्री गाडीत घालून नेलं, भावाचा पत्ता कुठल्याच ठाण्यात लागत नाही, असं सांगणारी माणसं तिथे येत. त्यांत बायका जास्त. टेबलापलीकडची कार्यकर्ती आधी सगळं ऐकून घेई, मग विचारून विचारून लिहून घेई. पूर्ण नाव, वय, कामधंदा, कोणत्या तारखेला नेलं, किती वाजता, नेणारे गणवेशात होते की साध्या कपड्यांत, गाडी कसली होती, अंगावर काय घातलं होतं, बघणारं कोण होतं. तो कागद वकिलाकडे जाई. वकील हेबियस कॉर्पसचा, म्हणजे नेलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा, अर्ज तयार करून कोर्टात दाखल करी. कोर्ट सरकारला विचारी, सरकार कळवी की असा इसम आमच्या ताब्यात नाही, आणि कोर्ट अर्ज फेटाळी.

१९७३ मध्ये आलेल्या लष्करी राजवटीच्या पहिल्या दहा वर्षांत हे कार्यालय आणि त्याच्या आधीची समिती मिळून असे पाच हजारांवर अर्ज झाले. मंजूर झालेले हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. तरी दुसऱ्या दिवशी दार उघडायचं आणि नवा अर्ज टाइप व्हायचा.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. फेटाळलेला अर्ज हातात घेऊन पक्षकारासमोर उभं राहणं काय असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या कार्यालयाची गोष्ट वाचली तेव्हापासून ती मनातून जात नाही.

ते कार्यालय उभं करणारा माणूस म्हणजे सान्तियागोचे आर्चबिशप, कार्डिनल राउल सिल्वा हेन्रिकेस. जन्म १९०७ चा. धर्मगुरू होण्याआधी त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणात ते शिक्षण जागोजागी दिसतं. १९६१ मध्ये ते आर्चबिशप झाले. पुढच्याच वर्षी चर्चच्या मालकीच्या जमिनी कसणाऱ्यांना द्यायला त्यांनी सुरुवात केली. आमच्याकडे देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या खिदमतमाश, म्हणजे सेवेसाठी इनाम दिलेल्या, जमिनींचं काय झालं, कुणाकुणाच्या नावावर त्या चढल्या, याचे वाद मी रोज बघते. त्यामुळे देवाची जमीन आपण होऊन कसणाऱ्याला देणारा धर्माधिकारी मला फार मोठा वाटतो. नुसत्या या एका कामासाठीही त्यांचं नाव राहिलं असतं.

११ सप्टेंबर १९७३ ला जनरल पिनोशेंच्या लष्कराने निवडून आलेलं आयेंदे यांचं सरकार उलथवलं. त्या बंडाच्या काही आठवडे आधी कार्डिनलनी आपल्या घरी आयेंदे आणि विरोधी पक्षाचे नेते पात्रिसियो आइल्विन यांना जेवायला बोलावून समेटाचा प्रयत्न केला होता. तो फसला. बंडानंतर राष्ट्रीय स्टेडियमचाच तुरुंग झाला, हजारो माणसं तिथे कोंडली गेली, आणि कार्डिनल त्या स्टेडियममध्ये कैद्यांना भेटायला गेले. सगळे बिशप त्यांच्यासारखे होते असं नाही. बंडाचं स्वागत करणारेही त्यांच्यात होते, आणि देशातले कित्येक श्रद्धाळू कॅथलिक पिनोशेंच्या बाजूचे होते. चर्च म्हणजे एक मन आणि एक तोंड, असं तिथेही नव्हतं.

ऑक्टोबर १९७३ मध्येच कॅथलिक, लुथरन, मेथॉडिस्ट आणि ज्यू मंडळींनी मिळून एक मदत समिती काढली होती. पकडलेल्यांसाठी वकील, कामावरून काढलेल्यांसाठी मदत, पोरांसाठी जेवण, असं तिचं काम. दोनच वर्षांत ती सरकारला सलू लागली. समितीचे एक प्रमुख, लुथरन बिशप हेल्मुट फ्रेन्झ परदेशात गेले असताना त्यांना देशात परत येऊ दिलं नाही. मग १९७५ च्या अखेरीस पिनोशेंनी कार्डिनलना पत्र लिहून समिती बंद करायला सांगितलं. कार्डिनलनी समिती बंद केली.

आणि लगेच, नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला, तेच काम चर्चच्या स्वतःच्या रचनेत आणून ठेवलं. नाव दिलं ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’, म्हणजे एकजुटीचं कार्यालय. प्रमुख म्हणून क्रिस्तियान प्रेख्त हे तरुण पाद्री नेमले. समिती ही निरनिराळ्या लोकांनी काढलेली संस्था होती, तिच्यावर हात टाकता येत होता. आता काम थेट आर्चबिशपच्या अधिकारात, कॅथेड्रलला खेटून असलेल्या इमारतीत. ते बंद करायचं तर सरकारला कॅथलिक चर्चच्या अंगावर जावं लागणार, आणि ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षक म्हणवून घेणाऱ्या राजवटीला ते जड जाणार. कायदा शिकलेल्या माणसाचं डोकं आहे हे. हुकूमही पाळला आणि कामात एका दिवसाचाही खंड पडला नाही.

लॅटिन अमेरिकेतल्या पाद्र्यांबद्दल आपल्याकडे कुणी बोललंच तर एल साल्वादोरच्या ऑस्कर रोमेरोंबद्दल बोलतं. २४ मार्च १९८० ला मिस्साचा प्रार्थनाविधी चालू असताना त्यांना गोळी घातली. त्यांच्याबद्दल मला आदर आहेच. पण हुतात्म्यापुढे आपण हात जोडतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो. सिल्वा हेन्रिकेस ९१ वर्षं जगले. त्यांनी वकील नेमले, पगाराची सोय केली, कागद जपले. रोज दहा ते सहा करता येण्यासारखं काम आहे हे, आणि म्हणूनच ते न करणाऱ्याला काही सबब उरत नाही.

१९७६ हे साल आमच्याही कायद्याच्या पुस्तकांत काळ्या अक्षरांनी आहे. देशात आणीबाणी होती, मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, माणसं आत होती. मराठवाड्यातल्याही कित्येक घरांतलं कुणी ना कुणी येरवडा किंवा नाशिकरोडला गेलेलं होतं. बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते, असं मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरच्या प्रकरणात तो निकाल फिरवला. आणीबाणी असेपर्यंत हेबियस कॉर्पस मागताच येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी ठरवलं. पाचवे, एच. आर. खन्ना, एकटे विरोधात गेले. त्यांचं सरन्यायाधीशपद त्यात हुकलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे मान्य करायला २०१७ उजाडलं. म्हणजे ज्या वसंत ऋतूत आमच्या सर्वोच्च न्यायालयाने दार लावून घेतलं, त्याच महिन्यांत सान्तियागोत एका चर्चच्या इमारतीत तोच अर्ज रोज टाइप होत होता.

धर्माच्या माणसाने राजसत्तेशी भांडावं, यात मराठवाड्याला नवल वाटायचं कारण नाही. आमचा मुक्तिलढा भगव्या कपड्यातल्या एका संन्याशाने चालवला. स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगात बसले, आणि लोकांनी ते संन्याशाचंच काम मानलं. पण फादर म्हटलं की आमच्याकडे आजही पहिला प्रश्न धर्मांतराचा निघतो. गंगापूर-वैजापूर पट्ट्यातल्या जुन्या मिशनच्या वस्त्यांमधली माणसं याला कंटाळलेली आहेत. विकारियाच्या दारात येणाऱ्यांत कम्युनिस्ट होते, देव न मानणारे होते. त्यांच्यासाठीही तोच अर्ज आणि तोच वकील होता.

आता माझ्याकडचं एक सांगते. उसाचा हंगाम संपत आला होता. एक मावशी सकाळीच कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. पोराने ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली होती, जोडीदार आजारी पडल्याने कोयता अर्ध्यावर सुटला, आणि उचल फिटली नाही म्हणून मुकादमाच्या माणसांनी पोराला उचलून नेऊन एका शेतातल्या खोलीत डांबलं होतं. मावशींच्या हातात दुकानाची पिवळी कॅरीबॅग. तिच्यात पोराचं आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, लग्नातला एक फोटो आणि दुसरीतिसरीतल्या नातवाच्या वहीचं पान. त्या पानावर नातवाने मोठ्या अक्षरात गाडीचा नंबर लिहून ठेवला होता.

“ठाण्यात साहेब म्हणतेत, पैशाचा व्यवहार हाय, आपसात मिटवा. कागूदच घेत न्हाईत, मॅडम.”

मी म्हटलं, “ते घेत नसतील तर आपण एसपी साहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवू. पोच येते.”

“आन् त्यानं सोडतेत का माझ्या लेकराला?”

“आजच सोडतील असं नाही सांगू शकत, मावशी. पण तुम्ही सांगितलं होतं याला पुरावा राहील.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “पुराव्याला घिऊन काय करू?”

त्या प्रश्नाला व्हरांड्यात उत्तर नव्हतं. लेकरू आत असलेल्या आईला पुरावा नको असतो, लेकरू हवं असतं. सान्तियागोतल्या कार्यकर्तीनेही हा प्रश्न रोज ऐकला असणार. आम्ही अर्ज लिहिला. वहीचं पान झेरॉक्स करून जोडलं. पोस्टाची पावती मावशींनी पदराच्या गाठीत बांधली. पोरगा काही दिवसांनी परत आला, मुका झाल्यासारखा. पुढे गुन्हा दाखल झाला तेव्हा तपासात सांगितलं गेलं की ठाण्याला याची काही कल्पनाच नव्हती. तिथे ती पावती उभी राहिली, तारखेसकट. खटला अजून चालू आहे.

कागद कशाला, याचं चिलीतलं उत्तर सान्तियागोजवळच्या लोन्केनमध्ये मिळालं. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्ला दे माइपो या खेड्यातून पोलिसांनी १५ जणांना नेलं होतं. बहुतेक शेतमजूर माणसं. मौरेइरा नावाच्या एका घरातला बाप आणि चार मुलगे त्यात होते. बायका ठाण्यात गेल्या, स्टेडियमला गेल्या, कोर्टात गेल्या. सगळीकडे एकच उत्तर. बेपत्ता म्हणून ज्यांची नावं सांगितली जातात त्यांतल्या काहींचं कायदेशीर अस्तित्वच नाही, असं सरकारने संयुक्त राष्ट्रांत सांगितलं. जन्मदाखला असलेला, शेतात राबलेला, लेकराबाळांचा बाप असलेला माणूस मुळात नव्हताच!

१९७८ च्या नोव्हेंबरात एका माणसाने चर्चपर्यंत बातमी पोचवली, की लोन्केनच्या डोंगरातल्या जुन्या चुनाभट्टीत माणसांचे सांगाडे आहेत. इथे विकारियाने जे केलं ते प्रत्येक वकिलाने वाचावं असं आहे. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कारण बातमी फुटली असती तर सकाळपर्यंत भट्टी रिकामी झाली असती. एक बिशप, वकील आणि पत्रकार असे प्रतिष्ठित साक्षीदार गुपचूप तिथे नेले, डोळ्यांनी बघायला लावलं आणि मग प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलं. आता नाकारायला जागा नव्हती. सांगाडे निघाले, कपड्यांचे तुकडे निघाले. आणि ते कुणाचे, हे जुळवायला फायली तयार होत्या. कोणाच्या अंगावर काय होतं, हे अशाच कामासाठी विचारून ठेवलेलं असतं. जे अर्ज कोर्टाने फेटाळले, तेच कागद पाच वर्षांनी त्या १५ जणांची नावं सांगत होते.

न्याय मात्र तेव्हाही झाला नाही. पोलिसांनीच मारलं हे न्यायाधीशांच्या चौकशीत निघालं, पण लष्करी कोर्टाने १९७८ चा माफीचा कायदा पुढे केला आणि आरोपी सुटले. अंत्यसंस्कारासाठी नातेवाईक चर्चमध्ये वाट बघत बसले होते, आणि तिकडे अवशेष परस्पर नेऊन सामाईक खड्ड्यात टाकले गेले. कुटुंबांना आपली माणसं नीट पुरता आली ती २०१० मध्ये.

बायकांनी एक वेगळी नोंदही ठेवली. विकारियाच्या आश्रयाने त्यांचे शिवणकामाचे गट चालत. पोत्याच्या कापडावर चिंध्या शिवून त्या चित्रं करीत. वर अँडीज पर्वत आणि सूर्य, खाली घरं, दारात शिपाई, हातात फोटो धरलेल्या बायका, आणि शिवलेल्या अक्षरांत प्रश्न की ते कुठे आहेत. काहींनी हरवलेल्या माणसाचाच सदरा कापून वापरला. आमच्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी शिवतात, तिच्यातला कुठला तुकडा कुणाचा हे घरातली बाई बोट ठेवून सांगते, तसंच ते. विकारिया ती कापडं विकत घेऊन परदेशी पाठवी, त्यातून घर चाले आणि बातमीही बाहेर जाई.

१९७८ हे साल सान्तियागोच्या चर्चने मानवी हक्कांचं वर्ष म्हणून पाळलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी विकारियाला मानवी हक्कांचा पुरस्कार दिला. आणि त्याच वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि आमच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचं नाव आम्हाला पाठ आहे, दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर घेतलं जातं. पण एखाद्या गावात जाऊन विचारा, इथली कोणती घरं जळाली होती, आत किती धान्य होतं, लोक कुठल्या वाटेने पळाले, कुणाची फिर्याद घेतली नाही. म्हातारी माणसं सांगतात. कागदावर फार थोडं सापडतं.

त्याच्या तीस वर्षं आधीचं तर विचारूच नका. रझाकारांनी काय केलं हे आमच्या घरोघरी सांगितलं जातं, सांगितलंच पाहिजे. पण हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, ते सांगताना आवाज खाली येतो. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संपूर्ण हैदराबाद राज्यासाठी अगदी कमीत कमी धरून २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. माझ्या आजोळी एक बुजवलेला आड आहे. आजीला विचारलं तर ती म्हणायची, “मोमिनाचा आड व्हता.” मोमिनाच्या घरात कोण कोण होतं, हे तिला माहीत होतं. मी विचारलं की ती नावं सांगायची, लेकराबाळांसकट. गावात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती नावं मी कधी ऐकली नाहीत. आकडा अंदाजाचा आहे, कारण नावं कुणी लिहून घेतली नाहीत. तेव्हा आमच्याकडे विकारिया नव्हती.

नंतरच्या काळात काही माणसांनी हे काम हातात घेतलं. तेलगावच्या एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियान उभं केलं, गायरानाच्या जमिनी आणि अत्याचाराच्या केसेस गावागावांतून लढवल्या. फिर्याद नोंदवून घेणं हीच अर्धी लढाई, हे आमच्या भागातल्या कार्यकर्त्यांना त्या पिढीने शिकवलं. आणि आता परभणी. १५ डिसेंबर २०२४ ला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईने औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. लोकशाही असलेल्या देशात, कोठडीतल्या मृत्यूचा नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईला सात महिने भांडावं लागलं. मी हा हिशेब विसरू शकत नाही.

कार्डिनल १९८३ मध्ये निवृत्त झाले, कार्यालय चालू राहिलं. त्याची किंमतही मोजावी लागली. कागदपत्रांच्या विभागाचं काम बघणारे होसे मानुएल पारादा यांना मार्च १९८५ मध्ये उचलून नेलं आणि आणखी दोघांसह गळा चिरून टाकून दिलं. पुढे लष्करी सरकारी वकिलाने कार्यालयातल्या नोंदी मागितल्या, तेव्हा प्रमुख असलेले बिशप सर्जिओ वालेच यांनी त्या द्यायला साफ नकार दिला. राजवट गेल्यावर मारलेल्या आणि बेपत्ता माणसांची चौकशी करायला नेमलेल्या रेटिग आयोगाने १९९१ मध्ये अहवाल दिला, त्याचा मोठा आधार या फायली होत्या. कार्यालय १९९२ च्या अखेरीस बंद झालं. फायली मात्र टिकल्या. त्यानंतरही खटल्यांत त्यांतले कागद वापरले गेले.

आमच्या सरकारी दप्तरात कागदांचे वर्ग असतात. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवतात, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘ड’ एकच वर्ष. मुदत संपली की यादी करून नष्ट करतात. नियमच आहे, त्यात कुणाचा कट शोधायची गरज नाही. म्हणजे १९७८ च्या फिर्यादीची सरकारी प्रत बहुतेक ठिकाणी गेलेली आहे, आणि उरली असली तर ती कुणाच्या तरी घरात, पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली आहे. मी अशा प्रती गोळा करते आहे. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, नुकसानभरपाईची नोटीस, तुरुंगातून आलेलं पोस्टकार्ड, मिसाचा आदेश, काहीही. तुमच्या घरी असेल तर रद्दीत देऊ नका, प्लास्टिकमध्ये घालून लॅमिनेटही करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा की हा कागद कुणाचा, घरात कुणाकडून आला, आणि त्यातल्या नावांपैकी कोण कोण तुम्हाला आठवतं. आजी-आजोबा असतील तर या दिवाळीला त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.